न बघण्याचे दिवस

ऋतुजाच्या अंगात आलं तेव्हा भागवतने आधी घड्याळ पाहिलं. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये घातलेल्या नवरात्राच्या मांडवात आरती चालली होती, टाळ्या वाजवणाऱ्या बायकांच्या मधोमध त्याची बायको डोलायला लागली, अंबाडा सुटून केस तोंडावर आले, आणि याचं मनगट आपोआप वळलं. संशोधनात लागलेली सवय. घटना कधी सुरू झाली ते आधी टिपायचं, बाकीचं नंतर. त्याने मान वर केली तर केसांच्या आडून तिचे डोळे थेट त्याच्यावर लागलेले. त्याने घड्याळ पाहिलं हे तिनं पाहिलं होतं. ते डोळे भानावर होते की नव्हते, एवढंच त्याला त्या घटकेला कळायला हवं होतं, आणि नेमकं तेवढंच कळेना. तळमजल्यावरच्या बायनाबाई पुढे झाल्या. इमारतीत बारसं असो की भांडण, पुढे व्हायचा मान त्यांचाच. त्यांनी ऋतुजाच्या कपाळावर हळदीकुंकू दाबलं आणि गावाकडे विचारतात तसं विचारलं, "कोण हायेस तू माय? काय पायजे तुला?" कुणीतरी स्पीकर बंद केला. ऋतुजा दात आवळून घुमत होती. मग तिचा नव्हे अशा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ह्यो बघतोय. सारखा बघतोय. ह्याला म्हणावं, माझ्याकडं बघू नको." तिचं बोट भागवतकडे होतं. सगळं पार्किंग वळून त्याच्याकडे पाहू लागलं. बायनाबाईंनी त्याला न विचारता देवीला शब्द देऊन टाकला, "न्हाई बघणार माय. दसऱ्यापस्तोर तुझ्या तोंडाकडं मान वर करणार न्हाई. तू शांत हो." ऋतुजा मटकन खाली बसली, तांब्याभर पाणी प्याली, आणि आरती पुढे सुरू झाली.

भागवत बीडच्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो, त्यातही संशोधन पद्धती. मुलांना कंटाळवाणा वाटणारा हा विषय त्याला मात्र मनापासून आवडतो. प्रत्यक्षार्थवाद हा शब्द त्याने पहिल्यांदा फळ्यावर पाहिला तेव्हा तो एकोणीस-वीस वर्षांचा होता, आणि तापातून उठल्यावर पहिली भूक लागावी तसं त्याला बरं वाटलं होतं. जे दिसतं, मोजता येतं, दुसऱ्याने तपासलं तरी तेच निघतं, तेवढंच ज्ञान. बाकीचं सगळं देवधर्म, कविता आणि गावगप्पा. युरोपातल्या कुणा माणसानं दोनशे वर्षांपूर्वी म्हटलं की निसर्गाला नियम आहेत तसे समाजालाही असणार, आणि मग बघता बघता सगळे त्या रांगेत येऊन उभे राहिले. मानसशास्त्रवाल्यांनी मन बाजूला ठेवून वर्तन मोजायला घेतलं, अर्थशास्त्रवाल्यांनी माणसाची हाव समीकरणात बसवली, राज्यशास्त्रवाले मतांच्या टक्क्यांत रमले. भागवतला यात काही वावगं वाटत नसे. उलट माणूस अखेर हाताशी येतो आहे याचा त्याला आधार वाटे. त्याचा एक शोधनिबंधही होता, नेमका अंगात येण्यावर. कमी शिक्षण, सासुरवास, स्वतःची मिळकत नसणं, या तीन गोष्टींशी त्याने संबंध सिद्ध करून दाखवला होता. ऋतुजा एम. एस्सी. बी. एड. होती, हायस्कूलवर गणित शिकवत होती, पगार स्वतःच्या खात्यात घेत होती, आणि सासू वर्षातून चार दिवस फार तर राहायला येत असे. मुलगा नवोदयच्या वसतिगृहात. ती त्याच्या एकाही रकान्यात बसत नव्हती. त्या संध्याकाळी जिना चढताना, पुढे चालणाऱ्या तिच्या टाचांकडे बघत, त्याला पहिल्यांदा भीती वाटली.

कारण अंगात येणं त्याला निबंधाच्या आधीपासून माहीत होतं. ते धनगर. लहानपणी उन्हाळ्यात मेंढरं दुसऱ्याच्या शेतात बसवलेली असायची, कळपामागं बिऱ्हाड फिरायचं, आणि बिरोबाच्या ठाण्यापुढं ढोल वाजला की त्याच्या आईच्या, सारजाबाईच्या, अंगात यायचं. एरवी आई म्हणजे खाली मान घालून भाकरी थापणारी बाई. बाप हरिबा तिच्याशी बोलायचा ते हुकूम सोडल्यासारखं, नाहीतर बोलायचाच नाही. आणि तोच बाप ढोलापुढं तिच्या पायांवर कपाळ टेकवून विचारायचा, "चुकलं काय आमचं? काय पायजे, सांग." आई वरून त्याच्या डोक्याकडे बघायची, आणि ती नजर पोराला ओळखू यायची नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरी, पुन्हा हुकूम. कालची बाई कुठं गेली, हे भागवत आईच्या चेहऱ्यात शोधत बसायचा. तासन्‌तास. आई म्हणायची, "काय बघतुयास रं टकामका," आणि पदर पुढे ओढायची. खरी आई कोणती, बापाला पायाशी घेणारी की त्याला भिऊन असणारी, ते त्याला कधी कळलं नाही. एवढं मात्र त्याने त्या शेतांमध्येच ठरवून टाकलं की मोठेपणी आपण फसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सारजाबाई वडवणीहून हजर झाल्या. बायनाबाईंनी फोन केला होता. आल्या आल्या त्यांनी दिवाणखान्यात सतरंजी टाकली, सुनेला जवळ बसवून घेतलं आणि लेकाला फर्मावलं, "मान खाली. तोंड तिकडं कर. शब्द दिलाय." तो म्हणाला, "मी नाही दिला. बायनाबाईनं दिला." आई म्हणाली, "तुझ्या वतीनं दिला ना? तू हुतास ना तितं? मग तवाच न्हाई म्हनायचं हुतं." आदल्या रात्री झोपताना ऋतुजानं पाठ फिरवून एवढंच सांगितलं होतं की मला काही आठवत नाही, आई येतायत, त्या म्हणतील तसं करू. भागवतने खुशाल हसून मान वर केली असती. तो असल्या गोष्टी मानत नव्हताच. पण मान वर केली आणि तिनं परत डोलायला सुरुवात केली, तर? ते खरं असेल तर त्याचं सगळं आयुष्य, डिग्री, पगार, वर्गात बोललेला शब्दन्‌शब्द पोकळ ठरत होता. आणि खोटं असेल तर तेरा वर्षं संसार केलेल्या बायकोनं चारचौघांत त्याच्यावर बोट रोखून नाटक केलं होतं. दोन्हींतलं कोणतं, हे कळल्याशिवाय तिच्याबरोबर एका घरात राहणं त्याला शक्य नव्हतं. प्रयोग म्हणून पाळू, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि मान खाली घातली.

घर अचानक गुडघ्याएवढं झालं. त्याला फरशा दिसत, सोफ्याचे पाय, ताटातली भगर, पाण्याचा पेला पुढे सरकवणारी बोटं, साडीचा काठ, चपला काढताना भिंतीला टेकलेला तळहात. चेहरा नाही. आणि चेहरा हाच तर त्याचा आधार होता. या तेरा वर्षांत त्याने ऋतुजाला जेवढं पाहिलं तेवढं कुठल्या नवऱ्यानं बायकोला पाहिलं असेल, असं त्याला अभिमानानं वाटायचं. बाकीचे पेपरात डोकं घालून बसतात, मोबाईलमध्ये बसतात, आपण बायकोकडे बघतो. तिच्या भुवईची हालचाल त्याला ठाऊक होती. उमापूरला माहेरी जाऊन आली की तिच्या बोलण्यात कोणते शब्द नवे आलेत ते तो बरोबर सांगे. "आत्ता का हसलीस?" तो विचारायचा, साध्या कुतूहलानं. "तुझा आवाज फोनवर बहिणीशी वेगळा होता, आईशी वेगळा." एकदा तर त्याने तिला कौतुकानंच सांगितलं होतं की तू मनापासून हसत नाहीस तेव्हा तुझ्या डोळ्यांच्या कडा हलत नाहीत. त्यावर तिनं काय उत्तर दिलं होतं ते आता आठवेना. हे सगळं त्याच्या लेखी प्रेम होतं. दुसरं कसलं प्रेम त्याला येत नव्हतं, आणि ते आता बंद पडलं होतं. महाविद्यालयात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. अर्थशास्त्राच्या तानाजीनं स्टाफरूममध्ये चहाचा कप पुढे करत म्हटलं, "काय बे भागवत, देवीनं तुझी परवानगीच रद्द केली म्हणं. आता डाटा कुठून आणणार?" सगळे हसले. भागवतही हसला. मग वर्गात जाऊन त्याने निरीक्षण तंत्राचे फायदे शिकवले आणि शिकवताना समोरच्या मुलींच्या चेहऱ्यांकडे बघायचं टाळलं. का टाळलं, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

घरी आला की आई दारातच. त्यांना हे पहारेकऱ्याचं पद नक्कीच आवडलं होतं. एका दुपारी ऋतुजा शाळेत असताना त्याने आईला विचारून टाकलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं. "आई, तुझ्या अंगात खरंच यायचं का?" सारजाबाई शेंगा फोडत होत्या. "तुला कावून पायजे रं ते?" "मला कळून घ्यायचंय." "तुझा बाप मेला त्याला न्हाई सांगितलं. तुला सांगू व्हय?" त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. "आलं तवा आलं. खरं-खोटं करीत बसायला कुणाला सवड हुती." "आणि ऋतुजाच्या?" "तिला इचार की." "तिच्याकडे बघायची बंदी आहे." आई थांबल्या. त्याला त्यांची शेंगांची टोपली आणि सुजलेले गुडघे दिसत होते. "बघायची हाय. इचारायची कुणी केली?" आईला कसं सांगायचं की माणसाच्या उत्तरावर विसंबायचं नसतं, माणूस सांगतो एक आणि करतो एक, म्हणून तर उत्तर देताना त्याचं तोंड बघायचं असतं. तोंड न बघता विचारायचं म्हणजे आंधळ्यानं रस्ता ओलांडायचा. तरी त्या संध्याकाळी त्याने विचारलं. ऋतुजा स्वयंपाकघरात होती, तो बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. "ऋतुजा, त्या दिवशी खरंच आलं होतं का?" आतला भांड्यांचा आवाज थांबला. मग ती म्हणाली, "मी खरं सांगितलं, तर तुम्ही ते खरं धराल?" त्याने प्रामाणिकपणे विचार केला. उत्तर नाही असं होतं. तो गप्प राहिला, आणि आत पुन्हा भांडी वाजायला लागली.

अष्टमीच्या सकाळी त्याने ते केलं. सुट्टी होती. ऋतुजा न्हाणीघरात आणि आई खाली बायनाबाईकडे असताना त्याने आपला मोबाईल स्वयंपाकघरातल्या फळीवर, साबुदाण्याच्या डब्याला टेकवून उभा केला, चित्रण सुरू केलं, आणि झेंडूची फुलं आणायला जातो असं ओरडून सांगून बाहेर पडला. त्याने शब्द मोडला नव्हता. तो बघत नव्हता. जिना उतरताना डोकं थंड होतं, जसं चांगल्या संशोधकाचं असावं. एकटी असताना माणूस नाटक करत नाही. एकटी असताना ती हसेल, सासूला डोळा मारेल, कशी जिरवली म्हणेल, नाहीतर उलट, एकटी असतानाही तिची नजर कुठंतरी लागलेली असेल, ओठ पुटपुटत असतील. दोन्हींतलं एक काहीतरी हाती लागेल, आणि मग पुढचं ठरवता येईल. मंडईत झेंडूचे ढीग लागले होते. त्याने भाव न करता फुलं घेतली. घरी आला, मान खाली घालून पाणी प्याला, फळीवरचा मोबाईल राहिला होता म्हणून घेतला आणि झेंडूची पिशवी तशीच हातात घेऊन पाण्याची टाकी बघायच्या निमित्तानं गच्चीवर गेला. ऊन रणरणत होतं. खंडेश्वरीच्या देवळाच्या बाजूनं यात्रेच्या भोंग्याचा आवाज येत होता. टाकीच्या सावलीला उकिडवं बसून त्याने चित्रण लावलं.

सुरुवातीला नुसती रिकामी खिडकी. मग ऋतुजा आली, ओले केस पंच्यात गुंडाळलेले. पाठोपाठ आई. कुकरच्या शिट्टीत त्यांचे शब्द बुडून गेले होते, पण ऋतुजा काहीतरी सांगत होती, बहुतेक शाळेतल्या हेडमास्तरांची नक्कल करत होती, कारण तिनं पोट पुढे काढलं, हनुवटी आत घेतली, आणि आई तोंडाला पदर लावून हलायला लागल्या. मग आई गेल्या. ती एकटी राहिली. तिनं दाण्याचं कूट चिमटीत घेऊन तोंडात टाकलं, उपवासाच्या दिवशी सगळ्यांआधी, आणि बोटं चाटली. एका पायानं दुसऱ्या पायाची पोटरी खाजवली. ओट्याला रेलून खिडकीबाहेर बघत राहिली. बस्स. त्याने तो भाग पुन्हा लावला, पुन्हा लावला. पुटपुटणं नव्हतं, कटाचं हसू नव्हतं, देवी नव्हती, नाटक नव्हतं. एक बाई ओट्याला रेलून उभी होती आणि तिचा चेहरा भागवतनं आयुष्यात कधी पाहिला नव्हता. तो सैल होता. त्यावर कसलीच तयारी नव्हती. गाल थोडे खाली आलेले, ओठ अर्धवट उघडे, वयानं चार वर्षं मोठी आणि त्याच वेळी शाळकरी मुलीएवढी लहान दिसत होती, आणि ती मजेत होती. हे त्याला मान्य करावं लागलं. ती मजेत होती.

निरीक्षकाच्या हजेरीमुळे निरीक्षिताचं वर्तन बदलतं. यावर विद्यापीठाच्या परीक्षेत पाच गुणांची टीप येते, दरवर्षी तो मुलांकडून ती पाठ करून घेतो, आणि त्यावरचे उपायही सांगतो. टाकीला पाठ लावून बसल्या बसल्या त्याला उमापूरचं ते घर आठवलं, जिथं तो तिला बघायला गेला होता. चार पुरुष खुर्च्यांवर, ही पाटावर, डोक्यावर पदर. त्याच्या मामानं विचारलं, नाव काय, शिक्षण किती, आणि मग कुणीतरी म्हणालं, वर बघ पोरी, लाजायचं काय त्यात. तिनं चेहरा वर उचलला. नीट, हवा तेवढा, ओठ मिटून, कुणी काही विचारलं तर लगेच उत्तर देता येईल असा. तो चेहरा त्याला फार आवडला होता. त्या चेहऱ्यावरच त्याने होकार दिला. आणि तेरा वर्षं तो रोज तोच चेहरा वाचत होता, त्याच्या भुवया, त्याच्या कडा, त्याच्यातले फरक, कारण त्याच्यासमोर दुसरा कधी आलाच नाही. ती पाटावरून उठलीच नव्हती. तेरा वर्षं जमवलेली सगळी माहिती बरोबर होती, आणि ती बघितल्या जाणाऱ्या बाईची होती. ऋतुजाबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याला हुंदका आला, आणि खाली कुणी ऐकेल म्हणून त्याने तोंडावर झेंडूची पिशवी दाबून धरली. आता खरं की नाटक हा प्रश्न कुठं गेला तेही त्याला कळेना. देवीनं सांगितलं असो की तिनं, सांगणं बरोबर होतं.

उरलेले दोन दिवस त्याने मान वर केली नाही, आणि यावेळी प्रयोग म्हणून नाही. आतून हसण्याचा आवाज आला की तो हलतसुद्धा नसे, हललं तर थांबेल म्हणून. चित्रणाबद्दल सांगावं असं सारखं वाटे. सांगितलं तर ती एकटीही एकटी राहणार नाही, डब्यांकडे बघूनसुद्धा तोंड नीट करत जाईल, या भीतीनं तो सांगू शकला नाही. ते पुसून टाकणंही त्याला जमलं नाही. दसऱ्याच्या दिवशी दाराला तोरण लागलं, सारजाबाईंनी सुनेला ओवाळलं, बायनाबाई वर येऊन देवीची समजूत काढून गेल्या. आई आपली पिशवी भरत म्हणाल्या, "झालं आता. सुटलास. बघ बायकूकडं." आणि मुद्दाम बाहेरच्या खोलीत निघून गेल्या. ऋतुजा त्याच्यासमोर उभी होती. तिच्या नव्या साडीचा काठ, पायातली जोडवी, हातात आपट्याची पानं. "बघा ना," ती म्हणाली. आवाज चांगला होता, मऊ होता. भागवतने मान वर केली.

चेहरा तयार होता. ओठ मिटलेले, भुवया किंचित वर, विचारलं तर लगेच सांगता येईल असा. तोच, त्याला पाठ असलेला, त्याने पसंत केलेला. त्याच्या नजरेला नजर मिळाली तशी ती हसलीदेखील, आणि त्या हसण्यात त्याला राग दिसला नाही, कपट दिसलं नाही, फक्त कष्ट दिसले. त्याने पुन्हा फरशीकडे पाहिलं. तो तिला तेरा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी विचारणार होता ज्याचं उत्तर त्याला तोंड न बघता खरं धरायचं होतं, आणि मनातल्या मनात तो विनवत होता की तिनं नाही म्हणावं, रागावावं, असं काय करताय म्हणावं, त्याची हनुवटी धरून वर करावी.

"ऋतुजा," तो म्हणाला, "अजून काही दिवस नाही बघितलं, तर चालेल का?"

"चालेल," ती लगेच म्हणाली.